न ऐकलेला पहिला नंबर

पत्र थोडक्यात असं: वय ४९, राहणार नाशिक, नोकरी हिशेबाची. कॉलेजातले सहा मित्र दर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कुणा एकाच्या घरी जमतात आणि प्रत्येक जण त्या वर्षातल्या आपल्या आवडत्या दहा अल्बमची यादी वाचतो. कॅसेटच्या काळापासूनचा हा रिवाज. पत्रलेखक या गटातले जाणकार, बाकीचे त्यांच्या यादीची वाट बघतात. पण गेली दोन वर्षं वडील अंथरुणाला खिळलेत, घर आणि ऑफिस यांतच दिवस जातो, नवीन काही ऐकणं होत नाही. २०२४ ची यादी करायची वेळ आली तेव्हा त्यांनी इंटरनेटवरच्या चार-पाच याद्या समोर ठेवून स्वतःची यादी जुळवली. पहिल्या नंबरला अरूज आफताब यांचा 'नाइट रेन' टाकला. त्यातली दीड गाणी ऐकली होती. यादीची वाहवा झाली. जानेवारीत वाढदिवसाला एका मित्राने त्याच अल्बमची एलपी बाहेरून मागवून भेट दिली आणि विचारलं, "बी साईडचं कुठलं गाणं तुला सगळ्यात आवडलं?" पत्रलेखकांकडे रेकॉर्ड प्लेअरही नाही. दुसरीकडे मोबाइलवरच्या अ‍ॅपने वर्षअखेरीचा हिशेब दाखवला, त्यात पहिले आले पं. भीमसेन जोशींचे अभंग. वडिलांना रोज सकाळी तेच लागतात. तो स्क्रीनशॉट त्यांनी कुणालाच दाखवला नाही. प्रश्न तीन आहेत. मित्राला खरं सांगावं का? आपली आवडच मेली असं समजायचं का? आणि यंदापासून या यादीच्या खेळातून बाहेर पडावं का?

नमस्कार.

दीड गाणं ऐकून पहिला नंबर देणारे पुष्कळ असतात. 'दीड' हा आकडा कागदावर उतरवून पाठवणारे फार नसतात, म्हणून तुमच्या पत्राला सविस्तर उत्तर द्यावंसं वाटलं. त्यातून तुम्ही हिशेबाची माणसं. न झालेला खर्च वहीत दाखवला की पुढे काय काय दाखवत बसावं लागतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

आधी मित्राचं बघू. तुम्ही असं धरून चालला आहात की तो तुमची परीक्षा घेतोय, किंवा निदान तुमच्या जाणतेपणावर विसंबून त्याने डोळे मिटून पैसे घातले. त्याचा प्रश्न पुन्हा एकदा वाचा. बी साईडचं कुठलं गाणं आवडलं, असं अल्बम न ऐकलेला माणूस विचारत नाही. त्याने तो ऐकलाय, बहुधा एकाहून जास्त वेळा, आणि त्यातलं काहीतरी त्याला असं लागलंय की बोलायला कुणीतरी हवंय. तुमच्या सहा जणांत हा अल्बम ऐकलेला दुसरा माणूस म्हणजे तुम्ही, अशी त्याची समजूत. शिफारस तुम्ही न ऐकता केलीत, ऐकायचं काम त्याने केलं. तुमच्या थापेतून एका माणसाचं भलंच झालं म्हणायचं. पण थाप ती थापच, आणि ती सांभाळायचा भार दर भेटीला वाढणार. आज बी साईड, उद्या "तिच्या आधीच्या अल्बमपेक्षा बरा आहे का रे?"

तेव्हा सांगा. फक्त आज रात्री मेसेज टाकून नको. असली गोष्ट मेसेजवर सांगितली की एकतर फार गंभीर वाटते नाहीतर उडवून लावल्यासारखी वाटते, आणि ती फॉरवर्ड होऊन सहा जणांच्या ग्रुपवर पोचायला वेळ लागत नाही. आधी अल्बम ऐका. रेकॉर्डचं प्लास्टिक फाडायची गरज नाही, अ‍ॅपवर सगळा आहे. नऊ गाणी, पाऊण तासापेक्षा थोडा जास्त. आठवडाभरात तीनदा ऐका. मग रेकॉर्ड काखोटीला मारून मित्राकडे जा (एलपी भेट देणाऱ्याच्या घरी प्लेअर असतोच) आणि तिथे लावायला सांगा. पहिली बाजू संपून तो उलटायला उठेल तेव्हा सांगून टाका: "डिसेंबरात मी हे नीट ऐकलंच नव्हतं. आता ऐकलंय." एवढंच. वडिलांचं आजारपण, ऑफिसची धावपळ यांतलं काही पुढे करू नका. ते त्याला माहीत आहे, आणि कारणं जोडलीत की बिचाऱ्याला तुमचीच समजूत काढत बसावं लागेल.

आता हा अल्बम तीनदाच का ऐकायचा, आणि कसा? अरूज आफताब या न्यूयॉर्कला राहणाऱ्या पाकिस्तानी गायिका. २०२२ मध्ये ग्रॅमी मिळवणाऱ्या पहिल्या पाकिस्तानी कलाकार त्याच. 'नाइट रेन' मे २०२४ च्या अखेरीस आला. गझलेच्या बैठकीची सवय असलेल्या आपल्या कानाला तो पहिल्या खेपेला अर्धवट वाटतो. आपण शेर पुरा व्हायची, काफिया, म्हणजे यमक, येऊन पडायची वाट बघत बसतो. जिथे 'वा' निघायची तिथे ही बाई आवाज खाली सोडून देते आणि हार्पच्या तारा पुढे जातात. तबला नाही, पेटी नाही. दुसऱ्या खेपेला तुम्ही वाट बघायचं सोडता आणि मग तो आवाज ऐकू यायला लागतो: खालच्या पट्टीतला, जवळ बसून बोलल्यासारखा. 'ऑटम लीव्ज' हे जॅझवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाजवून गुळगुळीत केलेलं गाणं. तिने त्याचं सगळं मांस काढून नुसती हाडं ठेवली आहेत, आणि ती हाडं वेगळ्याच प्राण्याची निघतात. 'रात की रानी'त तिने आवाजावर यंत्राची कलाकुसर केली आहे. ती मला पहिल्यांदा खटकली, अजूनही थोडी खटकते. मित्राशी बोलायला हा चांगला मुद्दा आहे, बघा.

आणि 'ना गुल' चुकवू नका. त्याचे शब्द माह लका बाई चंदा यांचे. अठराव्या शतकातल्या हैदराबादच्या दरबारातली ही कवयित्री. उर्दूत स्वतःचा दीवान, म्हणजे कवितासंग्रह, असलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी एक. तिचा जन्म आपल्या औरंगाबादेतला, १७६८ चा, असं सांगतात. म्हणजे ज्या अल्बमला तुम्ही परदेशी याद्यांमधून उचललंत, त्यातला एक धागा नाशिकहून चार-पाच तासांच्या अंतरावर निघतो. याद्या वाचून हे कळत नाही, कारण याद्यांमध्ये प्रत्येक अल्बमला दोन-तीन ओळींची जागा असते आणि त्यातली एक ओळ विशेषणांत जाते.

तीनदा ऐकूनही आवडला नाही, तर तसं मित्राला सांगा. तीन वेळा ऐकून आलेल्या नावडीवर तासभर भांडता येतं. दीड गाण्यावर आलेल्या आवडीवर दोन मिनिटंही बोलता येत नाही, हे तुम्ही अनुभवलंच.

दुसरा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. तुम्ही लिहिता, "माझी आवड मेली." पुरावा म्हणून अ‍ॅपचा आकडा देता. तो आकडा कसा तयार होतो ते बघा. गाणं अर्धा मिनिट वाजलं की स्पॉटिफायच्या लेखी ते एकदा ऐकलं गेलं. कोण ऐकत होतं, कोण स्वयंपाकघरात होतं, कोण झोपलं होतं, याच्याशी यंत्राला कर्तव्य नाही. शिवाय वर्षअखेरीचा म्हणून जो हिशेब मिळतो तो वर्ष संपायच्या काही आठवडे आधीच बंद केलेला असतो. २०२४ चा ४ डिसेंबरला लोकांच्या हातात पडला. १५ डिसेंबरला उस्ताद झाकीर हुसेन गेले. त्यानंतरचे पंधरा दिवस कितीतरी घरांत दुसरं काही लागलं नसेल. त्यातला एकही ठेका त्या वर्षाच्या हिशेबात नाही. अशा आकड्यावरून आवड जिवंत की मेलेली हे ठरवायचं म्हणजे विजेच्या बिलावरून घरातली माणसं सुखी आहेत का ते ठरवण्यासारखं.

तरी तो आकडा अगदीच खोटा, असंही मी म्हणणार नाही. तुम्ही म्हणता, "ते तर वडिलांसाठी लावतो, माझं ऐकणं नव्हे." खोलीत तुम्ही होतात ना? 'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल' घ्या. नामदेवांचा अभंग, राम फाटकांची चाल, अहिर भैरवाचा रंग. मजकूर म्हणाल तर तीर्थ तोच, क्षेत्र तोच, देव तोच. नाव इतक्या वेळा येतं की साध्या गळ्यातून ऐकताना कंटाळा यावा. भीमसेनजींच्या गळ्यात प्रत्येक 'विठ्ठल' वेगळ्या वजनाचा पडतो. कधी हाक मारल्यासारखा, कधी दटावल्यासारखा, कधी नुसता टेकल्यासारखा. वर्षभर रोज सकाळी हे कानांवर पडल्यावर ते श्वास कुठे घेतात, कुठल्या 'विठ्ठल'वर आवाज वर चढवतात, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. डिसेंबरच्या यादीतल्या दहापैकी एका तरी अल्बमबद्दल असं सांगता येईल का? मग तो स्क्रीनशॉट लपवण्यासारखा का वाटला? मित्र हसतील म्हणून? की ज्या माणसाची ओळख 'नवीन काय चाललंय ते याला विचारा' अशी आहे, त्याच्या मोबाइलमधून अभंग निघणं तुम्हालाच कमीपणाचं वाटलं?

हे विचारते आहे ते तुम्हाला उलट दिशेला ढकलायला नव्हे. "आता वयानुसार मी फक्त अभंग ऐकतो" ही भूमिका तितकीच सोयीची आहे आणि तुमच्या बाबतीत तितकीच खोटी ठरेल. वडिलांची शुश्रूषा हे खरं कारण आहे, त्याबद्दल शंका नाही. पण पत्रात ओघात तुम्ही एक वाक्य लिहून गेलात: वडील झोपले की रात्री साडेदहा-अकरापासून तासभर तुम्ही मोबाइलवर कुणाच्या ना कुणाच्या याद्या, परीक्षणं, वाद वाचत पडता. तास! 'नाइट रेन' त्यात बसून वर पाणी प्यायला उठता येतं. तुमचं ऐकणं वेळेअभावी थांबलेलं नाही. संगीताबद्दल वाचण्याने त्याची जागा घेतली आहे. वाचणं सोपं असतं, कारण वाचताना स्वतःला काय वाटतं ते ठरवावं लागत नाही. दुसऱ्याने ठरवलेलं असतं. हे एकट्या तुमचं दुखणं नाही. पुस्तकांच्या, सिनेमांच्या याद्या करणाऱ्या वाचकांचीही अशी पत्रं माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांत कुठेतरी हा रात्रीचा तास असतोच.

त्या तासाचं काय करायचं ते सांगते. आठवड्याला एकच अल्बम. सोमवारी निवडायचा आणि रविवारपर्यंत बदलायचा नाही, मग पटो न पटो. पहिल्या रात्री सलग, पडद्याकडे न बघता. मधल्या दिवसांत जमेल तसा तुकड्यातुकड्याने. शेवटी पुन्हा सलग. शफल बंद. आणि परीक्षण वाचायचंच असेल तर रविवारी, ऐकून झाल्यावर. महिन्याला चार झाले, वर्षाला पन्नासच्या आसपास. त्यातून आवडीचे पाच-सहा निघाले तरी माणूस श्रीमंत. सगळं ऐकून संपवायचा प्रश्नच येत नाही. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात, दर शुक्रवारी. त्या रांगेला शेवट नाही, आणि तिच्या मागे धावणं हे पगारी समीक्षकांचं काम आहे. तेही सगळं ऐकत नाहीत, हा भाग वेगळा.

पूर्ण अल्बम ऐकला नाही म्हणजे नीट ऐकलंच नाही, अशीही एक टोचणी तुमच्या पत्रात आहे. ती थोडी सैल करा. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानचं गाणं तबकडीवर उतरलं तेव्हा तिच्या वाट्याला तीनेक मिनिटं होती. त्यात राग मांडून शेवटी ती स्वतःचं नावही सांगते. एलपी आली १९४८ मध्ये, आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळायला लागली. किशोरीताईंचा भूप एका बाजूला आणि बागेश्री दुसऱ्या बाजूला, ही रेकॉर्ड ज्यांच्या घरात होती त्यांना रागाची लांबी त्या एका बाजूएवढीच वाटायची. मैफलीत तोच राग तासभर चालतो हे नंतर कळायचं. थोडक्यात, किती ऐकलं म्हणजे पुरं, हे दर पिढीला समोरच्या वस्तूने ठरवून दिलेलं आहे.

आपल्याकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण तर अल्बमच्या उलट्या टोकाचं आहे. 'गीतरामायण' कुणाला एका बैठकीत मिळालं नव्हतं. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत गेलं आणि १९ एप्रिल १९५६ ला शेवटचं. छप्पन्न गीतं, आठवड्याला एक. माडगूळकर लिहायचे, बाबूजी चाल लावायचे, आणि लोक पुढच्या आठवड्यापर्यंत तेवढ्या एका गाण्यावर राहायचे. आज एखाद्या गायकाने वर्षभर दर आठवड्याला एकच गाणं सोडलं तर आपण म्हणू की हल्ली कुणाला पूर्ण अल्बम करायचा धीर उरला नाही. तुमचे वडील ऐंशीच्या घरात असतील तर ते तेव्हा दहा-बारा वर्षांचे असणार. त्यांना विचारून बघा, रेडिओ कुणाच्या घरी होता आणि ऐकायला कोण कोण जमायचं. बोलायच्या अवस्थेत असतील तर सांगतील.

त्यांच्या सकाळीतही थोडी जागा होऊ शकते. अभंग संपले की लगेच बंद न करता तुमच्या त्या आठवड्याच्या अल्बममधलं एखादं शांत गाणं बारीक आवाजात लावा. आवडलं नाही तर "बंद कर ते" म्हणतील. म्हणू देत.

आता यादी. मुळात हिचा हट्ट डिसेंबरचा का, हे तुम्ही कधी सहा जणांत बोललात का? नोव्हेंबरात आलेला अल्बम डिसेंबरात कुणाला कळतो? 'द क्युअर' या इंग्लिश रॉक बँडचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' १ नोव्हेंबर २०२४ ला आला आणि महिनाभरात सगळ्या याद्यांत जाऊन बसला. त्यांतल्या अर्ध्या लोकांनी तो आठवणींपोटी घातला असणार. मासिकं-वर्तमानपत्रांना डिसेंबर गाठावा लागतो, कारण त्यांना जाहिराती आणि सुट्ट्या बघायच्या असतात. तुम्हाला काय घाई? यादी पाडव्याला वाचा. जानेवारी-फेब्रुवारी-मार्च हाताशी मिळतात. जे तीन महिन्यांनीही पुन्हा लावावंसं वाटतं तेवढंच उरतं, बाकी आपोआप गळतं. वर्ष चैत्रात बदलतं हे आपल्याला नवीन नाही.

दुसरी युक्ती न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकाची. तिथे समीक्षकांची वार्षिक मतमोजणी सत्तरच्या दशकापासून चालायची. प्रत्येकाला शंभर गुण आणि ते दहा अल्बमांत वाटायचे. एकाला तीसपेक्षा जास्त नाही, पाचपेक्षा कमी नाही. नुसते नंबर लावताना सातवा आणि आठवा यांत काय फरक आहे ते कुणाला विचारावं लागत नाही. गुण वाटायला बसलं की हात आखडतो. न ऐकलेल्या अल्बमला अठरा गुण देऊन बघा, तुमच्यासारख्या हिशेबनिसाच्या हातून ते व्हायचं नाही. माझी फक्त एक दुरुस्ती: दहाची सक्ती नको. मला २०२४ साठी पाचच सापडले, त्यांत शंभर वाटले.

'नाइट रेन'ला तीस, त्याबद्दल वर लिहिलंच. क्युअरला पंचवीस. सोळा वर्षांनी आलेला अल्बम, आठच गाणी, आणि पहिल्या गाण्यात त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथचा आवाज यायला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. या मधल्या काळात त्याचे आई-वडील आणि भाऊ गेले, आणि ते सगळं गाण्यांत उतरलंय. फार मोठा अल्बम आहे. तुम्ही मात्र तो सध्या ऐकू नका. घरात आजारपण असताना कलेने धीर येतो असं म्हणतात खरं, पण प्रत्येक कलेने नाही.

गणव्याच्या 'डॉटर ऑफ अ टेंपल'ला वीस. न्यूयॉर्कला जन्मलेली, तमिळनाडूत वाढलेली ही गायिका. तिने ह्यूस्टनमध्ये तीसेक कलावंत जमवले आणि जॉन व अ‍ॅलिस कोल्ट्रेन या अमेरिकन जॅझ दांपत्याच्या संगीताभोवती सगळ्यांनी मिळून गायलं-वाजवलं. भजनाला बसल्यासारखं वाटतं, मध्येच कुणी बोलतं, मध्येच सूर लांबवर नुसता धरून ठेवला जातो. मराठी घरात हा परका वाटू नये. तुमच्या वडिलांच्या सकाळीसाठी पहिला प्रयोग याचाच करा.

सिंडी ली यांच्या 'डायमंड ज्युबिली'ला दहा. बत्तीस गाणी, दोन तास, आणि आला तेव्हा कुठल्याही स्ट्रीमिंग अ‍ॅपवर नव्हता: यूट्यूबवर एक लांबलचक व्हिडिओ आणि जुन्या वळणाची एक वेबसाइट, तिथे ऐच्छिक तीस कॅनडियन डॉलर. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. जुन्या रेडिओतून येणाऱ्या साठच्या दशकातल्या गाण्यांचं भूत म्हणा. मला निम्मा आवडतो. निम्म्यावर कात्री चालवायला हवी होती. पण तो ऐकायला लोक मुद्दाम वाट वाकडी करून गेले, याचं अप्रूप वाटलं म्हणून दहा.

उरलेले पंधरा गुण नियमबाह्य आहेत. झाकीर हुसेन यांच्या 'शक्ती' बँडचा 'धिस मोमेंट' २०२३ चा. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं तेव्हा बातमी वाचून मी पुढे गेले होते. डिसेंबरात झाकीरभाई गेल्यावर लावला. मॅक्लॉफ्लिनची गिटार, शंकर महादेवनचा गळा, सेल्वागणेशची खंजिरा आणि या सगळ्यांना खेळवणारा तबला. माझ्यासाठी तो २०२४ चाच. वर्षाची यादी म्हणजे त्या वर्षात बाजारात काय आलं त्याची नोंद की त्या वर्षात तुमच्याकडे काय पोचलं त्याची, हे तुम्ही सहा जणांनी ठरवायचं. माझं मत उघड आहे, पण एक अट घालेन: निम्मे तरी अल्बम खरोखर नवे हवेत. नाहीतर पुढच्या दहा वर्षांत तुमची ही बैठक कॉलेजच्या आठवणींचं वार्षिक श्राद्ध होईल.

आणि अभंग? त्यांना गुण देऊ नका. ज्याची निवड तुम्ही केली नाही त्याला आवडीच्या स्पर्धेत ओढण्यात अर्थ नाही. यादीच्या वर एक ओळ लिहा: 'या वर्षी घरात सगळ्यात जास्त वाजलं ते', आणि पुढे नाव. प्रत्येकाने ही ओळ लिहावी असा नियमच करा. कुणाकडे बालगीतं निघतील, कुणाकडे मुलीच्या परीक्षेच्या अभ्यासामागे लागणारा पावसाचा आवाज. मला तर बाकीच्या यादीपेक्षा या ओळी ऐकायला आवडतील.

आवडलेलं विकतही घ्या, जमेल तसं. एलपीच घ्यावी असं नाही. बँडकॅम्प या वेबसाइटवर डिजिटल अल्बम विकत मिळतात, कंपनी त्यातले पंधरा टक्के ठेवते, आणि काही ठरावीक शुक्रवारी तेही सोडून देते. वर्षाकाठी दोन अल्बम असे घेतले तरी पुरे. पैसे मोजून घेतलेली वस्तू माणूस दीड गाण्यावर सोडत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं: बाहेर पडू नका. इतकी वर्षं सहा माणसं एका खोलीत बसून एकमेकांची गाणी ऐकतात, ही गोष्ट मोडायला सोपी आणि पुन्हा जुळवायला महाकठीण. पाडवा, शंभर गुण, घरात वाजलेल्याची ओळ, यांतलं सगळं मित्रांना पटेलच असं नाही. पटलं नाही तर निदान दहाचा आकडा सोडायला लावा. तुम्ही चार अल्बम घेऊन गेलात आणि "एवढेच नीट ऐकले" म्हणालात, तर समोरच्या पाचांतला एखादा तरी मनात हुश्श करेल. सहा जणांत यादीची भरती करणारे तुम्ही एकटेच असाल, हे मला काही पटत नाही.